भांडारातलं सगळं मुक्तच

मी बोलायला लागलो की बायको टीव्हीचा आवाज वाढवते. विषय तिला पाठ आहे: दुसऱ्याच्या मालकीचं सॉफ्टवेअर वापरणं म्हणजे घराची किल्ली परक्याकडे देऊन वर त्याचेच आभार मानणं. पनवेलच्या आमच्या सोसायटीत माझं हे कीर्तन न ऐकलेला माणूस नाही. मुलगी मात्र लहानपणापासून मन लावून ऐकायची. तिच्या पहिल्या लॅपटॉपवर मी लिनक्स, म्हणजे कुणा कंपनीच्या मालकीचं नसलेलं मुक्त सॉफ्टवेअर, घालून दिलं, तेव्हा तिने ते शाळाभर मिरवलं होतं.

जवळच्या रोडपालीची एक पोर तिची जिवाभावाची मैत्रीण. मूळची समुद्राकाठच्या करंजा गावची, कोळ्यांच्या घरातली. आठवीपासून दोघी एकाच डब्यात जेवल्या आणि पुढे एकाच कॉलेजात आर्किटेक्चरला गेल्या. शेवटचा प्रकल्प जोडीने करायचा होता. विषय मैत्रिणीनेच काढला होता, गावाकडच्या आपल्या मावशीसारख्या बायकांसाठी मासळी सुकवायची शेड. पण अख्खं कॉलेज नकाशे काढतं ते एका कंपनीच्या बंदिस्त प्रोग्रामवर, आणि आमची मुलगी अडून बसली की मी मुक्त प्रोग्रामवरच काढणार. काही तोडगा निघतो का बघायला मैत्रीण घरी आली, येताना मावशीने सुकवलेले कोळंबीचे सोडे घेऊन आली. मी तिला समोर बसवून चांगलंच पिडलं. शेवटी तिने हात जोडले. "काका, आमाला पास व्हायचंय, मोक्ष नाय पायजे."

बायको स्वयंपाकघरात खो-खो हसली. मला राग आला. मैत्रीण गेल्यावर मी मुलीला म्हणालो, "तत्त्वाच्या आड मैत्री येऊ द्यायची नसते." हे वाक्य मी खरोखर उच्चारलं. जोडी फुटली. मैत्रिणीने शेड ठेवली, आमच्या मुलीने मोरा बंदराच्या धक्क्यावर प्रवाशांसाठी निवारा काढायला घेतला. दोघींचं बोलणंच बंद झालं. जेवताना मुलगी फोन पालथा घालून ठेवायची, आणि मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटायचो.

नकाशे झाल्यावर निवाऱ्याची खऱ्यासारखी दिसणारी चित्रं करायला तिला आणखी एक प्रोग्राम हवा होता. लिनक्समध्ये असे प्रोग्राम कुठून कुठून शोधत हिंडावं लागत नाही. पॅकेज मॅनेजर असतो. आपण नाव सांगायचं, तो लिनक्सच्या ऑनलाइन भांडारातून आणून बसवतो. तिने बसवण्याआधी विचारलं, "बाबा, हा मुक्तच आहे ना?" मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "भांडारातलं सगळं मुक्तच असतं. डोळे झाकून घे."

असं नसतं, हे मला माहीत होतं. पूर्वी बऱ्यापैकी असायचं. आता त्याच भांडारात कंपन्यांचा बंदिस्त मालही मांडलेला असतो. त्याच रांगेत, तेच बटण, आणि परवान्याची ओळ खाली बारीक अक्षरात. माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर वायफाय चालवणारा असाच एक बंदिस्त प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात तो, शिरलेला मी पाहिला होता. काढला की वायफाय बंद पडायचं. म्हणून राहू दिला आणि कुणाला बोललो नाही. सोसायटीतलं कीर्तन चालूच ठेवलं.

प्रकल्पांच्या प्रदर्शनाला पालकांना बोलावणं होतं. मुलगी परीक्षक बाईंना ताठ मानेने सांगत होती, "मॅडम, यातली एकही रेघ बंदिस्त प्रोग्रामची नाही." बाई खूश झाल्या. त्यांना खरंच कौतुक वाटलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "मलाही घ्यायचाय हा चित्रांचा प्रोग्राम, कुठे मिळतो दाखव." मुलीने भांडार उघडलं, प्रोग्रामचं पान काढलं. बाईंनी चष्मा सारखा करून खालची ओळ वाचली. "अगं, इथे तर प्रोप्रायटरी लिहिलंय. म्हणजे बंदिस्तच की."

मैत्रिणीचं टेबल शेजारीच होतं. तिने ऐकलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती आपल्या शेडच्या मॉडेलवरची धूळ फुंकत बसली.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की मॅडम, तिला मी सांगितलं होतं. मी खिशातून मोबाइल काढला, कुणाचाही फोन आलेला नसताना कानाला लावला आणि "हां, बोला" म्हणत व्हरांड्यात सटकलो. मागून तिचा आवाज आला, "सॉरी मॅडम. माझी चूक. मीच नीट बघितलं नाही."

त्या व्हरांड्यात मी मुका फोन कानाला धरून उभा राहिलो. एक शिपाई जाताना नमस्कार करून गेला, त्याच्याकडेही मला बघवेना. मला माझी लाज वाटत होती, आणि अजूनही वाटते. मुलीने मैत्रीण गमावली ती माझ्या शब्दावर, आणि तो शब्द मी स्वतःच्या घरातसुद्धा पाळला नव्हता.

घरी आल्यावर ती पाणी प्याली आणि तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो. आणि लगेच सुरू झालो, की ड्रायव्हरची गोष्ट वेगळी असते, तिथे दुसरा इलाजच नसतो, भांडार चालवणाऱ्यांनी खरं तर आधीच... ती तोवर दाराशी जाऊन चपला घालायला लागली.

"कुठे निघालीस?"

"रोडपालीला. तिची माफी मागायला."

"चूक माझी आहे. मीही येतो."

"नको, बाबा," ती म्हणाली. रागही नव्हता आवाजात. "तुम्ही तिला समजावून सांगत बसाल."