काकांचं नाक

काका करवत थांबवायचे, कापलेल्या फळीची ताजी कड नाकाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "ठेवा" नाहीतर "परत पाठवा." मधलं काही नाही. मी कंपनीची प्रमाणपत्रं हातात घेऊन शेजारी उभी असायची. ती पुढे केली की म्हणायचे, "कागदाचं तुमी बघा ताई, लाकडाचं मी बघतो."

मी पनवेलमध्ये लोकांच्या घरांचं इंटिरियर करते आणि काका माझे सुतार. आपट्याहून रोज मोटारसायकलवर यायचे, मागे अवजारांची पेटी बांधलेली. बारा वर्षं आम्ही एकत्र काम केलं. या बारा वर्षांत ते माझ्यावर एकदाही चिडले नाहीत आणि त्यांनी माझं एकदाही ऐकलं नाही.

प्लायवूडचे दुकानदार त्यांना वचकून असत. एकाने तर काका येणार म्हटल्यावर गोदामात उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावून ठेवला होता. काका शांतपणे बाकावर बसले, चहा मागवला, उदबत्त्या विझेपर्यंत थांबले. मग उठून म्हणाले, "देवाचं झालं, आता मालाचं बघू." टेम्पो रिकामाच परत आला.

तुमच्याही घरात नवीन कपाट आलं असेल, तेव्हा दार उघडल्यावर डोळे चुरचुरले असतील. तो लाकडाचा वास नसतो, गोंदाचा असतो. प्लाय काय किंवा भुशाची शीट काय, सगळं गोंदानेच धरून ठेवलेलं असतं. गोंद हलक्या प्रतीचा असला की कपाट महिनोन्महिने वायू सोडत राहतं. काकांचं नाक तेवढ्यासाठीच होतं.

अलीकडे त्यांना एक नवी सवय लागली होती. कड हुंगायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "उद्या सांगतो." छोटा तुकडा स्टीलच्या डब्यात घालून, झाकण घट्ट लावून घरी न्यायचे. निकाल दुसऱ्या दिवशी. मला वाटलं, वयाबरोबर माणूस विचारी होतो. मी इतरांना कौतुकाने सांगतही असे.

मग ते तळोज्याचं काम आलं. नवरा-बायको दोघं नोकरीवाले, सहा वर्षांची मुलगी ईरा. तिला दमा. आईने पहिल्याच भेटीत सांगितलं, "बाहेरची हवा आमच्या हातात नाही हो. निदान तिच्या खोलीतली तरी चांगली ठेवा." वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांना जंगल तोडून आणलेलं, समुद्रापलीकडून आलेलं लाकूड नको होतं. घर सजवायचं, पण पृथ्वीवर कमीत कमी भार टाकून.

मी दोघांनाही आवडेल असं उत्तर शोधलं. शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या शीट. झाड तोडायला नको, जो कचरा शेतात जाळला असता तो कामाला येतो, आणि कागदावर लिहिलेलं, घातक वायू जवळपास शून्य. मी स्वतःवर भलतीच खूश होते. काकांनी कड हुंगली. या वेळी "उद्या" नाही. लगेच म्हणाले, "ठेवा." मला घाई होती, मला बरंच वाटलं.

तीन आठवड्यांत कपाट, पलंग, अभ्यासाचं टेबल उभं राहिलं. ईरा तेवढे दिवस पुण्याला आजीकडे होती. रविवारी यायची होती.

शुक्रवारी संध्याकाळी वारा फिरला, कारखान्यांकडून येऊ लागला. तळोज्यात वारा फिरला की सांगावं लागत नाही, सबंध बिल्डिंगच्या खिडक्या धडाधड लागतात. कुजलेल्या कोबीसारखा, वर काहीतरी तिखट असा वास. मी तोंडावर ओढणी धरून खिडक्या लावत सुटले. ईराच्या खोलीत आले तर काका सताड उघड्या खिडकीशी बसून वडापाव खात होते. मी काच सरकवली तसे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की ताई, गरम व्हतंय."

"काका, वास येत नाही तुम्हाला?"

"कसला?"

म्हणाले आणि थबकले. मग घाईघाईने, "येतो ना. थोडा येतो." काकांना खोटं बोलता येत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

वडापाव कागदात गुंडाळून त्यांनी बाजूला ठेवला. "कोरोनात गेला ताई. परत आलाच नाय. आमटी करपली तरी कळत नाय मला."

"मग इतके दिवस?"

"डबा घरी न्यायचो ना. रातभर बंद ठेवायचा, सकाळी बायको उघडायची. ती सांगायची, ते मी तुमाला सांगायचो."

"आणि ह्या शीट?"

"बायको चिरनेरला हाय. लेकीचं बाळंतपण. महिना झाला."

"मग 'ठेवा' कसं म्हणालात?"

"तुमी म्हणालात, कागद लय चांगला हाय."

मला त्यांचा भयंकर राग आला. बारा वर्षं मी त्यांच्या नाकावर विसंबून कागद नीट वाचले नव्हते, आणि या एका वेळी ते माझ्या कागदावर विसंबले होते. तीन आठवडे खिडक्या उघड्याच होत्या, मी स्वतः कधी हुंगून बघितलंच नव्हतं. मी कपाटात डोकं घालून श्वास घेतला. बाहेरच्या दर्पाने नाक इतकं भरलेलं, की आतलं काही कळेना. परवा ती पोर इथे झोपणार होती.

काकांनी टेबलाच्या मागचा एक तुकडा कापून डब्यात घातला. सकाळी मी त्यांना गाडीत घालून चिरनेरला नेलं. रस्ताभर डबा त्यांच्या मांडीवर होता.

काकू ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डबा बघितला आणि लेकीला म्हणाल्या, "बाळाला आत ने." मग झाकण काढलं आणि तोंड फिरवलं. पदराने डोळे पुसले.

"अवो, ह्ये त्या पोरीच्या खोलीत लावलंत?"

काकूंनी झाकण परत दाबून बसवलं.

पुरवठादाराला फोन केला तर तो निवांत होता. त्या मालाचा स्टॉक संपला होता म्हणून दुसरीकडचा पाठवला, स्टिकर तेवढा तोच लावला. "सेम टू सेम आहे मॅडम." मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

ईराच्या आईवडिलांना मी सांगितलं, माल चुकीचा आला, महिनाभर थांबा. काकांच्या नाकाबद्दल बोलले नाही. त्यांना वाचवत होते की स्वतःला, आजही नक्की सांगता येत नाही.

काकांनी ते सगळं एकट्याने उखडलं. कुणाला हात लावू दिला नाही. मग पनवेलमधली एक बंद पडलेली भातगिरणी पाडत होते, तिथले जुने सागवानी वासे आणले. नवीन झाड नाही, शीट नाही. एकेक खिळा उपसून फळ्या काढल्या, खाचा पाडून सांधे बसवले, वरून नुसतं तेल-मेण. काकू आपट्याला परतल्या होत्या. प्रत्येक वाशाचा तुकडा डब्यातून त्यांच्याकडे जाऊन आला, तेलाचासुद्धा.

महिन्याने ईरा आली ती दुपारची. जेवून आपल्या पलंगावर झोपली. उशाशी दम्याचा पंप. काका आत यायला तयार नव्हते, फ्लॅटबाहेर जिन्याच्या पायरीवर बसले. मीही बसले. दर पाच मिनिटांनी म्हणायचे, "ताई, बघून या ना." मी आत जाऊन तिच्या खोलीच्या दाराला कान लावून यायची. "झोपलीय." "श्वास?" "नीट आहे." काका मान हलवायचे आणि परत पाच मिनिटांनी तेच.

तासाभराने दार उघडलं. ईरा डोळे चोळत जिन्यात आली, मागे आईवडील. म्हणाली, "आई, माझ्या खोलीत वास येतोय."

आई पंप आणायला आत वळली. काका कठडा धरून उठले.

"कसला येतो बाय? मला सांग. मला वास येत नाय."

ईराच्या वडिलांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

ईराने बराच विचार केला. "पेन्सिलीला टोक केल्यावर येतो ना, तसला."

"आन् छातीत? छातीत काय व्हतंय?"

"काही नाही. मला भूक लागलीय."

काका परत पायरीवर बसले. आईने पंप तसाच हातात धरून त्यांना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या कामासाठी मी फोन केला. काका म्हणाले, "आता नाय ताई. बायकोच्या नाकावर लोकांची पोरं किती दिवस झोपवायची?"