तिकिटं उचला, स्टेज घ्या

"पेटी बाहेर ठेवा. चपला आहेत ना, तिथंच."

ऑफिसात पाऊल ठेवल्या ठेवल्या तो एवढंच बोलला. बाने डोक्यावरची बाजाची पेटी उतरवली, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली आणि चपलांच्या रांगेत ठेवली. माझ्या काखेत ढोलकी होती. मी ती ठेवली नाही. त्याने बघितलं. बसा असं म्हटलं नाही.

ही वाशीतली गोष्ट. ऐंशी सालानंतरची. नवे सेक्टर उठत होते आणि त्यांना लागणारी खडी आमच्या तुर्भ्याच्या खाणीतून जात होती. दुष्काळात मराठवाड्यातलं गाव सुटलं आणि आम्ही त्या खाणीवर आलो. बा दिवसा दगड फोडायचा आणि फोडता फोडता गाणी जुळवायचा. जयंतीला, लग्नाला, कुणी गेल्यावर पुण्यानुमोदनाला त्याची पंचशील गायन पार्टी गायची. मग धूळ छातीत बसली आणि आवाजही बसला. तेव्हापासून शब्द त्याचे, गळा माझा. त्याला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. खुर्च्यांच्या हॉलमध्ये, मोठ्या स्टेजवर, लोकांसमोर आपलं गाणं व्हावं.

म्हणून आम्ही त्या ऑफिसात उभे होतो. हा माणूस हॉल घ्यायचा, मुंबईचा ऑर्केस्ट्रा आणायचा आणि नव्या पार्ट्यांना 'चान्स' द्यायचा.

"आडनाव?"

बाने सांगितलं. तो कागदातून वर न बघता हसला. ते हसणं मला ओळखीचं होतं. गाव सुटलं, हे मात्र आमच्या मागोमाग आलं होतं.

"वस्तीत घरं किती?"

मला शंका आली. गाणाऱ्यांना घरं कशाला विचारतो? हा काय खानेसुमारीला बसलाय? पण बाने खुशीत आकडा सांगितला, वर दोन गल्ल्या वाढवूनच सांगितल्या.

"मग तिकिटं उचला. पैसे आधी भरायचे. पब्लिक तुमचं, स्टेज माझं. सगळीकडे असंच चालतं."

बा मान डोलवत होता. मी त्या माणसाचे हात बघत होते. बोलणं गोड, आणि बोटं सारखी टेबलाच्या खणाकडे.

बाने मुकादमाकडून उचल घेतली. म्हणजे पुढची मजुरी आधीच उचलली. ती भरून तिकिटं आणली आणि आम्ही दारोदार विकली. माय भाकरी थापता थापता म्हणाली, "गायाचं बी आपुन, अन् पैसं बी आपुनच द्यायचं? वाजंत्र्यानं नवरदेवाला पैसं दिल्यालं कुनी बघितलंय का?"

बा म्हणाला, "हॉलचा कायदा येगळा असतो."

मायचं खरं होतं. पण बाच्या तोंडावरची खुशी बघून मीही तिकिटं घेऊन निघाले.

प्रोग्रॅमच्या दिवशी अख्खी वस्ती न्हाऊन-माखून, ठेवणीतलं नेसून आली. दारावरच्या बोर्डावर ऑर्केस्ट्राचं नाव मोठं. आमचं नाव नाही. मी विचारलं तर तो म्हणाला, "मावत नाही." आमच्या माणसांना मागच्या रांगा दाखवल्या. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांना. पाहुणे अजून आले नव्हते, तरी पुढे बसू दिलं नाही.

आम्हाला मागच्या दाराने स्टेजवर नेलं. पडदा बंद होता. लाल, जाड. माइकवाल्याने आमच्यासमोर माइक मांडले आणि म्हणाला, "सुरू करा."

मी म्हटलं, "पडदा?"

बाच माझ्यावर डाफरला. "अगं, मोट्या नाटकात नांदी पडद्याआडच व्हती. मंग उघडतो."

हे त्याने कुठंतरी ऐकलं होतं. आम्ही आजवर ट्रकवर गायलो, मांडवात गायलो, रस्त्यात चटई टाकून गायलो. समोर माणसं, मध्ये काही नाही. पडदा ही चीज आम्हाला ठाऊकच नव्हती. म्हणून आम्ही त्याला मान दिला.

मी वंदना घेतली. पडदा हलला नाही. वाटलं, पहिल्या गाण्याला उघडेल. पहिलं गाणं झालं. बा हातवारे करून मला चढवत होता, गा, गा, आता उघडतोय. माइकवाला डोळे मिटून बटणं पिळत होता. कधी माझा आवाज एकदम मोठा, कधी पार गायब. "पेटी जोरात." "आता फक्त ढोलकी." "बाई, तुम्ही परत म्हणा, तीच ओळ." एकच ओळ मी पुन्हा पुन्हा म्हटली. बाची ओळ. त्या लाल कपड्याला ऐकवली.

मग चकचकीत कोटातली ऑर्केस्ट्राची माणसं बाजूला येऊन उभी राहिली. त्यातल्या एकाने आमची पेटी पायाने सरकवली.

"चला, झालं तुमचं. माइक लागले, आवाज तपासून झाला."

आम्हाला आलेल्या वाटेने बाहेर काढलं. वळसा घालून हॉलमध्ये शिरलो तेव्हा पडदा उघडत होता आणि कोटवाल्यांना टाळ्या पडत होत्या. मागच्या रांगेत आमची शेजारीण सोनामावशी होती. तिने मला ओढून जवळ बसवलं.

"कवा हाय गं तुमचं?"

"झालं की मावशी."

"झालं? ते तुमी व्हता? आमी म्हनलं, टेप लावली."

मी अपमान पुष्कळ गिळले होते. हा गिळता येईना. ज्यांना तिकिटं विकली त्या आमच्याच माणसांना कळलं नाही की आम्ही गायलो. मला रडू आलं नाही. राग आला. त्या माणसापेक्षा जास्त माझा स्वतःचाच आला, कारण मला सगळं दिसत होतं आणि तरी मी गायले.

गणपतीच्या आधी त्या हॉलवाल्याचा निरोप आला. बा लगेच निघाला. "ह्या बारीला उघडंल पडदा," म्हणाला. मी सोबत गेले. जिन्यात खाडीकाठच्या गावातला एक आगरी गायक बसला होता, शेजारी त्याचा बेंजो.

मी विचारलं, "तुमचा उघडला का पडदा?"

तो आधी दचकला. मग हळू आवाजात म्हणाला, "नाय उघरला. आमचे अर्ध्या गावाला तिकटा दिली. त्यो बोलला, फुडच्या टायमाला नक्की."

म्हणजे आम्ही एकटे मूर्ख नव्हतो. हा धंदाच होता.

आत त्याने आमच्यापुढे तिकिटांची नवी पुस्तकं टाकली. "ते जयंतीचं नको या वेळी. कोळीगीतं बसवा. पार्टीचं नाव पण बदला."

मी विचारलं, "साहेब, आमचं गाणं तुम्ही कधी ऐकलंय का?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "ऐकायचं काय त्यात? वस्तीत घरं आहेत ना तुमच्या?"

बाचा हात पुस्तकांकडे गेला होता. मी तो धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी बाचा हात धरून अडवला.

"आम्ही तिकिटं उचलणार नाही."

"मग स्टेज नाही."

"नको."

तो टेबल वाजवून हसला. "तुमच्यासारख्या छप्पन्न पार्ट्या जिन्यात बसल्यात."

मी बाहेर आले आणि जिन्यात थांबले. पडदा कुणाचाच उघडणार नाही, हे त्या आगऱ्याला सांगितलं, त्याच्यामागे बसलेल्यांना सांगितलं. सांगताना आवाज मुद्दाम चढा ठेवला. काही उठले, काही मान खाली घालून बसून राहिले. आगरी बेंजो उचलून निघाला.

रस्त्यात बा माझ्या पुढे पुढे चालत राहिला. घराजवळ आल्यावर म्हणाला, "माजं गानं तू मारलंस."

पुढे किती तरी महिने त्याने नवा शब्द जुळवला नाही. मग छातीने घात केला आणि बा गेला. खुर्च्यांच्या हॉलमध्ये त्याचं गाणं कधी झालं नाही. ते मला आजही सलतं. खोटं कशाला बोलू? पण नाही म्हटल्याचं वाईट एकदाही वाटलं नाही.

आता कुणी गोड बोलून चान्स द्यायला आला की मी त्याला चटईवर बसवते. आधी ऐक म्हणते. पूर्ण ऐक. ज्याला ऐकायला वेळ नाही, त्याला माझी वस्ती मोजायचा हक्क नाही. मी उन्हात गाईन, नाक्यावर गाईन, चार माणसांत गाईन. माझी माणसं विकून मी कुठंही गाणार नाही.