सासूचा खोकला

धाकट्या बहिणीचं ताट तिच्या सासरी, गोंदियाजवळच्या गोरेगावला, वेगळं ठेवत. पोटात कळा, जुलाब, अंगावर मांस म्हणून नाही. गोंदियाच्या डॉक्टरनं आतड्याचा टीबी सांगून गोळ्या दिल्या आणि सासूनं हिची भांडी उचलून परसात मांडली. मी तोंडाची फटकळ, माझं डोकंच फिरायचं. पण मुलीकडची माणसं आम्ही, गिळून बसायचो.

पुढं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा कळलं की टीबी नव्हताच. क्रोन्स नावाचा आजार. त्यात शरीर आपलंच आतडं कुरतडतं. तिथं अँटिबॉडीच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती, तीत हिला घेतलं; औषध सलाईनमधून द्यायचे. कोणाला खरं औषध, कोणाला नुसतं पाणी, हे डॉक्टरलाही ठाऊक नसायचं. डॉक्टरीणबाईंनी एवढंच बजावलं, या औषधानं शरीराचा पहारा ढिला पडतो. घरात कोणाला टीबी असला तर तो हिला धरेल, आणि मग आवरणार नाही.

दोन-तीन सलाईन झाल्या आणि बहीण भात मागून खायला लागली. गाल भरले. सासूला मेल्याहून मेल्यासारखं झालं असावं. आता ती सुनेला आपल्याच ताटात घेऊन बसायची, हातानं घास भरवायची. मी भेटायला गेले तेव्हा हे पाहिलं आणि खरंच बरं वाटलं. तेवढ्यात म्हातारीला ढास लागली. पदर तोंडावर धरून ती बराच वेळ खोकली, मग त्याच हातानं पुढचा घास.

बहिणीला मी चुलीपाशी गाठलं. "कधीपासून खोकून राहिली व ही?"

"धानाच्या धुळीचा हाये, ताई. तू काही बोलू नको. आता कुठं जवळ घेऊन राहिली मले."

म्हातारीच्या अंगावर लुगडं ठरत नव्हतं, इतकी ती वाळली होती.

पुढच्या खेपेला नागपूरला मी सोबत गेले. घरात कोणी खोकतं का, डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं. बहीण म्हणाली, "नाही."

"सासू खोकते," मी म्हणाले. "रोज."

त्या दिवशी सलाईन लागलीच नाही. सासूची तपासणी होईस्तोवर औषध बंद, आणि पुढं चाचणीत ठेवतील की नाही तेही सांगता येत नाही, म्हणाल्या.

परतीच्या एसटीत बहीण खिडकीकडे तोंड करून बसली. कोहमाऱ्याच्या पुढं एकदाच बोलली. "पोटभर जेवून राहिली होती मी. तुले नाही पाहावलं."

गोरेगावच्या स्टँडवर म्हातारी घ्यायला आली होती. खांबाला धरून खोकत होती. बहीण माझ्याकडे न बघता उतरली आणि सरळ तिच्या गळ्यात पडली.