बचाव पथकाची फेरपरीक्षा

नोकरीतले कोणते प्रकरण सगळ्यात जास्त आठवते, असे विचारणाऱ्याला माझ्याकडून खून नाहीतर दरोडा हवा असतो. मी सांगतो ते प्रकरण पोहण्याचे आहे. त्यात कुणाला बेड्या पडल्या नाहीत, मुद्देमाल नव्हता, गुन्हा नंबरही पडला नाही. तरी माझ्या सगळ्या तपासांत मी त्याला वरची जागा देतो. पोलीस एरवी पोहोचतो तो पंचनाम्याला. इथे आम्ही आधी पोहोचलो.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन थोडी वर्षे झाली होती. गोरेगावच्या बाजूला एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. आमचा मुलूख तलावांचा. पावसाळ्यात नदीनाले एक होतात, गावे तुटतात, आणि कुणी पाण्यात अडकले की लोक आधी पोलिसाला हाक मारतात. म्हणून वरून आदेश आला की प्रत्येक ठाण्यातून दोन-दोन शिपाई घेऊन बचाव पथक उभारा, मे महिन्यात त्यांना पोहण्याचे प्रशिक्षण द्या, प्रमाणपत्र द्या आणि पावसाळ्यात बोटीवर नेमा. शिकवायचे काम एका जुन्या हवालदाराकडे गेले. खात्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. या उस्तादांची ख्याती अशी, की त्यांच्या हाताखालचा जवान कधी नापास होत नाही. याही वेळी झाडून सारे पास झाले. दंडावर लावायला निळी पट्टी मिळाली, वर्तमानपत्रात फोटो छापून आला.

जूनच्या सुरुवातीला, बाजाराच्या दिवशी, एक बाई ठाण्यात आली. माझ्याच ठाण्यातल्या, पथकात निवडलेल्या एका शिपायाची ती बायको. अंगणवाडीत कामाला होती. भाजीची पिशवी तिने बाहेर बाकाखाली ठेवली आणि ठाणे अंमलदाराला काही न सांगता सरळ माझ्या खोलीत आली.

“साहेब, पोरीच्या बाबाले बोटीवर काऊन पाठवून राहिले तुमी?”

“पथकात आहेत ते. प्रमाणपत्र आहे त्यांच्याकडे.”

“मालूम हाय. फ्रेम करून भिताडावर लावलं हाय. पर त्याईले पोहता येत नाई. लग्न झाल्यापासून पाहून राहिली मी, बैल धुवाले नेला तरी हे काठावरच उभे राहतात.”

मला हसू आले. तिला आले नाही.

“हसू नका साहेब. पूर आला का तुमी त्याईले पाण्यात उतरवाल, अन् मंग माह्या घरी हार घेऊन याल.”

माझे हसू तिथेच विरले. “लेखी देता का?” मी विचारले.

“नाई देत. लेखी दिलं त घरात बोलणार नाईत माह्याशी. पोलीस तुमी हा, शोधून काढा.” पिशवी उचलून ती बाजारात निघून गेली.

खबर तोलायची माझी एक रीत होती. खबर देणाऱ्याचा त्यात फायदा काय, हे मी आधी पाहायचो. या बाईचा तर तोटाच होता. पथकातल्या शिपायांना पावसाळाभर नक्षलवाद्यांच्या जंगलातल्या सशस्त्र दूरक्षेत्रावर, म्हणजे आडबाजूच्या चौकीवर, पाठवत नसत. नवरा पथकातून निघाला, की त्याची रवानगी तिकडे ठरलेली. घर एकटीवर, पोरीची शाळा, सगळे तिलाच भोगायचे होते. स्वतःचे नुकसान करून दिलेली खबर सहसा खोटी निघत नाही. मी एसपी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “प्राथमिक चौकशी तुम्हीच करा. पण पाऊस लागायच्या आत उरका, त्यानंतर बोटी निघतील.”

पथकातल्या जवानांना मी एकेक करून बोलावले. पहिला म्हणाला, “उस्तादांसमोर तलाव आडवा पार केला साहेब, काही त्रास झाला नाही.” दुसरा तेच म्हणाला. तिसऱ्यानेही तेच शब्द, त्याच क्रमाने. चोरांनाही मी हेच सांगायचो, की बाबांनो, खोटे बोलायचे तर जरा वेगवेगळे बोला. नव्याने पोहायला शिकलेला माणूस नाकात पाणी गेल्याचे सांगेल, दम लागल्याचे सांगेल, घाबरलो म्हणेल, फुशारकी मारेल. यांच्या पोहण्यात यांतले काहीच नव्हते. संशय पक्का झाला, पण संशयावर अहवाल होत नाही.

त्या बाईचा नवरा मी मुद्दाम शेवटी घेतला. उंचापुरा गडी, कामाला चोख, हजेरीला कधी उशीर नाही. बायको येऊन गेल्याचे मी त्याला कळू दिले नाही. त्याने तेच वाक्य म्हटले. मी चहा मागवला आणि शेतीचे, पोरीच्या शाळेचे विचारत बसलो. पोलिसासमोर पोलीस फार वेळ ताठ बसू शकत नाही. थोड्या वेळाने त्याने टेबलाखाली हळूच उजवा बूट काढला आणि पाय मोकळा केला.

“पायाला काय झाले?”

“काटा गेला होता साहेब. पिकून राहिला.”

“कशाचा?”

“शिंगाड्याचा. तलावात लई हायेत. ट्रेनिंगमधी सगळ्याईलेच गेले.”

“कुठे, पोटरीला?”

“नाई साहेब, तळव्याले.”

बोलून गेला आणि त्याने पाय घाईने बुटात सरकवला. ज्या तलावात परीक्षा झाली, तिथे मासेमारी करणारे ढीवर लोक शिंगाडा लावतात. वेल पाण्यावर तरंगतो, पण राहिलेली फळे गळून तळाच्या चिखलात बसतात आणि त्यांचे काटे वर्षभर तसेच धारदार राहतात. आमच्याकडे हे कुणाला शिकवावे लागत नाही. पोहणाऱ्याचे पाय तळाला लागत नाहीत. ज्याच्या तळव्यात शिंगाडा घुसला, तो तळावरून चालत होता.

“हात पाण्यावर मारायचे आणि खालून चालायचे, असेच ना?” मी विचारले.

त्याने मान खाली घातली. “छातीभरच पाणी होतं साहेब. उस्ताद म्हणाले, चालू द्या.”

“आणि उद्या बोटीतून खोल पाण्यात पडलास तर?”

“तवाचं तवा पाहू म्हटलं. इथं नाव निघालं त दूरक्षेत्रावर जावं लागते. पोरगी लहान हाय.”

त्याचा मला राग आला आणि कीवही आली. जंगलाला भिऊन गडी मरायलाच निघाला होता. त्याला मी घरी पाठवले. बाकीच्यांना पुन्हा बोलावून बूट काढायला लावले. बहुतेकांच्या तळव्यांवर बऱ्या झालेल्या जखमांचे डाग होते, आणि मग कुणी फार ताणले नाही.

उस्ताद मात्र आले ते छाती काढूनच. पोहण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या खात्यात दुसरा नव्हता, हे मी तेव्हाही मानत होतो.

“मई का महीना था साहब,” ते म्हणाले. “उन्हाळी धानाले पाणी सोडून तलाव रिकामा झालेला. जेवढं पाणी होतं तेवढ्यात घेतली परीक्षा. अन् आदेशात काय होतं? पोहण्याची चाचणी घ्यावी, बस. किती खोल, किती लांब, घ्यावी कोणी, काही लिहिलं होतं का?”

“नव्हते. पण तुम्हाला दिसत होते की ते चालत आहेत.”

“दिसत होतं.”

“मग नापास का केले नाही?”

“माह्या हातचा जवान नापास झाला त लोक जवानाले नाही हसत साहेब, मले हसतात.”

मी आवाज चढवला नाही. एवढेच म्हणालो, “उस्ताद, तुमच्या सहीवर विसंबून ही पोरे पुरात उडी मारणार होती. त्यातले सगळे वर आले असते का?”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “नाई,” ते म्हणाले.

एसपी साहेब त्यांना निलंबित करायला निघाले होते. मी विरोध केला. आदेशात माप नव्हते हा उस्तादांचा मुद्दा खरा होता, आणि माप ठरवायचे तर पाणी जाणणारा माणूस हवा होता. साहेबांनी ऐकले, पण नियम लिहून आणायची जबाबदारी माझ्या गळ्यात टाकली. दोन दिवस मी आणि उस्ताद समोरासमोर बसलो. चाचणी इटियाडोहला, धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यात. अंगात वर्दी आणि पायात कॅनव्हासचे बूट, कारण पुरात कपडे उतरवायला कुणाला वेळ मिळत नाही. बुडणाऱ्या माणसाच्या जागी कोंडा भरलेले ओले पोते ओढत काठापर्यंत आणायचे. शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा, आणि तपासणाऱ्याने काठावर खुर्ची टाकून बसायचे नाही, जवानाच्या बाजूने पोहायचे. प्रमाणपत्र एकाच पावसाळ्यापुरते. शिकवायला मच्छीमार संस्थेतले दोघे घेतले आणि तपासायला उस्तादांनाच नेमले.

शेवटचे कलम माझे होते आणि त्यासाठी मी साहेबांशी भांडलो. नापास झाला म्हणून कुणाला दूरक्षेत्रावर पाठवायचे नाही. त्याला काठावर दोर सांभाळायला ठेवायचे आणि पुढच्या वर्षापर्यंत शिकवायचे. नापास होण्याला शिक्षा ठेवली, की माणसे काहीही करून पास होतात. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून सही केली.

फेरपरीक्षेत निम्म्याहून जास्त पथक गळाले. आमचा शिपाई चार हात मारून खाली गेला आणि उस्तादांनी त्याला कॉलर धरून वर काढले. काठावर ठसका लागलेला तो गडी ओक्साबोक्शी रडला. उस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “नापास लिहा साहेब.” हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

त्याच पावसाळ्यात, आमच्या हद्दीतल्या एका गावाला पाण्याने वेढले असताना, पथकाची बोट बुडालेल्या झाडाला अडकून उलटली. बोटीत दोन जवान आणि एक म्हातारी होती. जवानांनी म्हातारीला दोन्हीकडून धरले आणि काठावरून फेकलेला दोर गाठला. तो दोर कमरेला गुंडाळून चिखलात पाय रोवून उभा होता आमचा शिपाई. फेरपरीक्षेआधीच्या आदेशाप्रमाणे त्या दिवशी बोटीत त्याचीच पाळी होती. तिघेही बाहेर आले. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही, नुसता ओसरीवर बसून राहिलो. आनंदानेही भूक मरते.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. आभार मानेल असे वाटले होते. ती म्हणाली, “दोर त कोणीबी धरते साहेब. त्याईले पोहणं कधी शिकवता?”

शिकवले. वर्षभर सुट्टीच्या दिवशी तो तलावात असायचा. पुढच्या उन्हाळ्यात इटियाडोहला चाचणी लागली तेव्हा पोरीचे बोट धरून ती भिंतीवर येऊन उभी राहिली. शिपाई खोल पाण्यात उतरला, पोते धरले आणि उस्तादांच्या बाजूने पूर्ण अंतर कापून काठाला लागला. पोरीने टाळ्या वाजवल्या. मीही पास लिहायला पेन काढले. उस्ताद पाण्यातून निथळत वर आले आणि त्यांनी त्याच्या पायांकडे बोट केले. गडी घाईत अनवाणीच उतरला होता.

“बूट नव्हते. नाई चालत,” उस्ताद म्हणाले. “पुन्हा.”

मला वाईट वाटले. मी त्या बाईकडे पाहिले आणि म्हणालो, “थकला आहे, थोडा दम घेऊ देऊ का?”

“कायले?” ती म्हणाली. “जाऊ द्या साहेब. आता मले भेव नाई लागत.”

तोवर त्याने बूट चढवले होते. नाड्या आवळून तो पुन्हा पाण्यात उतरला.

प्रमाणपत्रावर सही कोणाची आहे, हे पाहून आम्ही वर्षानुवर्षे समाधान मानत आलो होतो. त्यानंतर ज्या ज्या प्रशिक्षणाचे माप ठरवायचे काम माझ्याकडे आले, मग ते गाडी चालवण्याचे असो की गोळीबाराचे, मी एकच गोष्ट विचारत गेलो. या जवानाच्या घरच्यांना काठावर उभे करून ही परीक्षा घ्यायची तयारी आहे का? ज्याने हो म्हटले, त्याच्याच परीक्षेला मी मान्यता दिली.