सगळं टपाल प्रिंटरकडे

टपालकाकांच्या हातांना रिकामपण मानवत नाही. चौतीस वर्षं त्यांनी टपालघरात पत्रं निवडली. समोर भिंतभर खण, हातात गठ्ठा, पत्ता वाचायचा आणि पत्र त्या त्या खणात टाकायचं. निवृत्तीला चार वर्षं झाली, आणि तेव्हापासून घरातल्या एकाही वस्तूला स्वस्थता नाही. मिक्सर उघडून झाला, भिंतीवरचं घड्याळ उघडून झालं, ते अजून उघडंच आहे. गेल्या वर्षी सुनेने कॉम्प्युटर शिकवला आणि काकांनी त्याच्या टेबलापाशी मुक्काम ठोकला. "यांना गप्प बसवणं देवाच्या बापालाही जमायचं नाही," असं काकू म्हणतात, आणि काकूंना त्यांच्या संसाराचा अनुभव दांडगा आहे.

त्या सोमवारी सुनेची परीक्षा होती. लग्नाआधी आणि नंतरही ती एका कचेरीत पाण्याच्या नळांचे नकाशे काढायची. मग बाळ झालं, बाळ शाळेत जायला लागतंय तोच काकूंचा गुडघा गेला, आणि बघता बघता सहा वर्षं घरात गेली. आता तसंच काम पुन्हा मिळायची संधी आली होती. परीक्षा घरी बसून, पण कॉम्प्युटरवरच. मोबाइल चालणार नव्हता. अकराला सुरू, सव्वाअकरानंतर प्रवेश बंद. मधे एक नकाशा छापून त्याची मापं घ्यायची होती, म्हणजे प्रिंटर हवाच.

प्रिंटर जुना, त्याला वायफाय ठाऊक नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी काकांनी कॉम्प्युटरपासून प्रिंटरपर्यंत थेट वायर ओढली. दोघांना पत्त्यासारखे नंबर दिले. कॉम्प्युटरच्या फॉर्मवर एक चौकट उरली : गेटवे. म्हणजे बाहेरगावचं टपाल ज्या दारातून न्यायचं, ते दार. वायरीच्या पलीकडे प्रिंटर सोडून कुणी नव्हतं, तेव्हा चौकट कोरीच ठेवायला हवी होती. पण फॉर्मवरची चौकट कोरी सोडायची नाही, हा टपालघरातला पहिला धडा. कोरी चौकट म्हणजे परत आलेलं पार्सल आणि वर साहेबांची बोलणी. काकांनी तिथे प्रिंटरचाच नंबर लिहून टाकला. कागद झकास छापून आला. काकांनी कॉम्प्युटर बंद केला आणि जेवताना दोन घास जास्तच खाल्ले.

सकाळी साडेदहाला सुनेने कॉम्प्युटर लावला. एकही पान उघडेना.

तिने वायफायची पेटी बंद करून चालू केली. नेटच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पेटी बंद करून चालू करायला सांगितली. काका दारात उभे राहून कंपनीला नावं ठेवत होते. "फुकट खातात नुसते," ते म्हणाले, आणि मनोमन प्रार्थना करत होते की दोष खरंच कंपनीचा निघो.

पावणेअकराला सुनेने स्वतःच्या मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला जोडून पाहिलं. मोबाइलवर सगळं धडाधड उघडत होतं. कॉम्प्युटरवर मात्र ढिम्म.

दोन वेगवेगळ्या वाटा दिल्या तरी टपाल बाहेर पडत नाही, म्हणजे घोळ निवडणाऱ्याकडेच, कॉम्प्युटरमध्येच, आणि काल त्यात हात घातला होता तो काकांनी. वायर उपटली असती तर नेट आलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. पण मग नकाशा कशावर छापणार? कालचं लिहिलेलं दुरुस्त करायचं तर सुनेकडे खुर्ची मागायला हवी होती, आणि खुर्ची मागायची तर कारण सांगायला हवं होतं. चौतीस वर्षांत एक थैली चुकीच्या गाडीत गेली नाही, ही गोष्ट काकांनी सुनेला निदान चाळीसदा ऐकवली होती.

"माझंच नशीब फुटकं," सून दारात आलेल्या काकूंना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आई, राहू द्या. नाहीतरी सहा वर्षांत विसरलेच असेन मी सगळं."

हे मात्र काकांना ऐकवेना.

"नशिबाला कशाला बोल लावतेस?" ते म्हणाले. "मी बिघडवलंय. ऊठ, दाखवतो."

सून उठली. काकांनी कॉम्प्युटरला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडून एक ओळ टंकली. वाटांचा तक्ता आला. कुठलं टपाल कोणत्या दाराने जातं ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं. काकांनी बोट ठेवलं. "बाहेरगावच्या टपालाला दोन दारं दिसतायत. एक वायफायचं, एक वायरीचं. वायरीचं जवळचं, म्हणून सगळं टपाल तिकडे. आणि तिकडे कोण बसलंय?"

"प्रिंटर," सून म्हणाली.

"त्याला काय कळतंय, बिचाऱ्याला? सगळं केरात टाकत बसलाय. काल मीच लिहिला तो नंबर."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, तुमच्या हाताला काय..."

"आई, थांबा," सून म्हणाली. "बाबा, काढा तो नंबर."

काकांनी काढला. कोरी चौकट बघून त्यांना कसंसंच झालं, तरी त्यांनी 'ओके' दाबलं. परीक्षेचं पान उघडलं तेव्हा अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. काकांनी एक कागद छापून पाहिला. तोही आला. मग ते बाहेर गेले आणि दोन तास वर्तमानपत्राचं एकच पान वाचत बसले. सून रागावली तर तिचं बरोबरच होतं, हे त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून ठेवलं होतं.

एक वाजता सून बाहेर आली. "पास. निकाल लगेच दाखवला," ती म्हणाली, आणि आधी काकूंच्या गळ्यात पडली. मग पाणी प्यायली. मग काकांकडे वळली.

"गुरुवारी मुलाखत आहे. दहा वाजता, इथेच."

"मी बागेत जाऊन बसतो," काका घाईने म्हणाले. "टेबलाकडे फिरकतसुद्धा नाही."

"बागेत कशाला? बाबा, तुम्ही घरी हवेत. साडेनऊपासून. काही अडलं तर मी कुणाला हाक मारू?"

"हात खिशात ठेवून बसा म्हणजे झालं," काकू म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. चार वर्षांनी कुणीतरी त्यांना हजर राहायची वेळ दिली होती. ते उठले आणि बुधवारी रात्री इस्त्री करायचा शर्ट आजच काढून ठेवला.