चिंचेनं घासलेलं रीळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माझं वय आता त्र्याहत्तर — आणि गप्प बसण्याचाही माणसाला कंटाळा येतो. येत नाही का?

आमच्या घरात मासे धरायचं एक रीळ आहे. कुंभकोणमचं वैष्णव मराठी घर, जिथे कांदासुद्धा दबकत येतो, तिथे हे रीळ. माझा थोरला भाऊ, अण्णा, निलगिरीत एका चहाच्या मळ्यावर फोरमन होता. त्याच्या साहेबानं जाताना ते त्याला दिलं. पितळेचं, वरून काळपट तपकिरी लेप, आणि पाठीवर त्या लेपातच साहेबानं स्वतः बारीक कोरलेलं अण्णाचं नाव. डोंगरातल्या ओढ्यावर उभं राहून, पिसांची खोटी माशी गळाला बांधून अण्णा ट्राउट धरायचा आणि परत पाण्यात सोडायचा. खात नाहीस तर धरतोस कशाला, म्हणून सगळे त्याला चिडवायचे. तो नुसता हसायचा. मला वाटतं, त्याला त्या रिळाचा आवाजच आवडत असावा — दोरी ओढली की आतला खटका दातेरी चाकावर वाजत जातो, तो.

निवृत्त होऊन तो आणि वहिनी इथे परतले तेव्हा मासे संपले, दोरी ओढून आवाज ऐकणं तेवढं राहिलं. त्याचे हात कापायचे. म्हणून वर्षातून एकदा रीळ उघडून साफ करायचं काम माझ्याकडे आलं. मी घड्याळजी. मधला स्क्रू सैल करायचा, फिरकी अलगद उपसायची, जुनं ग्रीस रॉकेलनं धुवायचं, खटक्यामागची स्प्रिंग बघायची, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब — एकच. बाहेरून फक्त कोरडं फडकं. वरचा काळा लेप म्हणजे मळ नव्हे, हे मला माहीत होतं. हे नीट ऐकून ठेवा. मला माहीत होतं.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. माहेर पट्टीश्वरमचं, सोवळ्याला कडक, बोलायला कमी. मी बिनलग्नाचा, ती दोघं परतल्यापासून त्यांच्याच हातचं जेवणारा. आयुधपूजेला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं देवापुढे मांडतात — माझे चिमटे, स्क्रूड्रायव्हर, वहिनींची विळी. रीळ मात्र कधीच नाही. अण्णा दरवर्षी विचारायचा, त्या दरवर्षी नको म्हणायच्या. मासा लागलेली वस्तू देवापुढे कशी ठेवायची? मग बारा वर्षांपूर्वी एकदा त्या आपणहून म्हणाल्या, "ठेवा की. तुमचं आयुध तेंच."

अण्णा दिवसभर घरात गुणगुणत होता. आणि मी — मला काय झालं? दुसऱ्या दिवशी पूजा. सगळ्या वस्तू लखलखणार, आणि हे एकटंच काळंमिट्ट बसणार, असं वाटलं. अण्णानं बघून वाहवा म्हणावं, हेही होतंच. खोटं कशाला बोलू? वहिनी मागच्या अंगणात चिंचेनं समया घासत होत्या. मी चिंचेचा गोळा मागितला. कशाला म्हणून त्यांनी विचारलंही नाही.

दहा मिनिटांत लेप गेला. पितळ पिवळंधमक निघालं आणि अण्णाचं नाव बोटालाही लागेना. तेव्हा कळलं. मी रीळ त्यांच्या समयांशेजारी उन्हात ठेवलं आणि अंघोळीला गेलो. पळालो, असंच म्हणा.

बाहेर आलो तेव्हा अण्णा अंगणात रीळ हातात घेऊन उभा. तो ओरडत नव्हता. "सोवळ्यात घ्यायला घासलीस होय? त्यासाठीच ठेवा म्हणालीस?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मी टॉवेल घेऊन उभा होतो — आणि मी बोललो, ते हे: "जाऊ दे अण्णा. वहिनींना काय कळणार त्यातलं?"

गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी त्यांची बाजू घेतली. अशी बाजू घेतली.

चिंचेचं पाणी आत गेलं होतं. महिन्याभरात स्प्रिंग गंजून तुटली. जुन्या घड्याळातल्या स्प्रिंगची पट्टी कापून मी नवी बसवली, चार वेळा वाकवून पाहिली, पण तो आवाज काही परत आला नाही. अण्णानं रीळ कपाटात कुलपात ठेवलं आणि किल्ली जानव्याला बांधली. घरात आम्ही तिघंच. कुलूप कुणासाठी, ते सांगायला नको. वहिनी रोज दोन वेळा त्याला वाढायच्या, तेव्हा ती किल्ली त्याच्या उघड्या छातीवर असायची. अकरा वर्षं. एवढं करून रीळ साफ करायला अण्णा माझ्याच हातात द्यायचा, कारण त्यातलं कळणारा मी.

एकदा, फक्त एकदा, मला सार वाढताना वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सांगाल म्हणून थांबलें होतें, भावजी." मी काय केलं असेल? आणखी थोडा भात मागितला. त्यांनी वाढला.

गेल्या वर्षी त्या गेल्या. तेराव्याची माणसं पांगल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. अण्णा मग म्हणाला, "रिळाचं मी तिला केव्हाच माफ करून टाकलों होतों. तिला सांगायचं मात्र राहून गेलं."

"बरं केलंस, अण्णा," मी म्हणालो.