बिनहातांचा बाक

नगररचना कार्यालयात तिला सगळे ‘पाऊलबाई’ म्हणत, तेही तोंडावर. मोजायची फीत हाताशी असली तरी रस्त्याची रुंदी ती आधी चालून बघायची, ओठ हलवत पावलं मोजायची आणि मगच कागदाला हात लावायची. ही खोड तिच्या वडिलांची. ते पोस्टमन. शाळेला सुट्टी लागली की तिला टपालाच्या फेरीवर बरोबर न्यायचे. कुठल्या गल्लीत सावली किती वाजता येते, कुठल्या जिन्याची तिसरी पायरी दगा देते, हे तिला तेव्हापासून तोंडपाठ. अजूनही उन्हात तापलेली पत्रपेटी दिसली की त्या सुट्ट्या आठवून तिचं कामात लक्ष लागत नाही.

शहरं आखायचं शिक्षण घेणार, असं तिने जाहीर केलं तेव्हा घरात कुणाला काही उमगलं नाही. मावशीने तर आपल्या गल्लीतलं तुंबलेलं गटार आता मोकळं होणार, असं शेजारणींना सांगूनही टाकलं. वडील एवढंच म्हणाले, “चालणाऱ्या माणसाला विसरू नकोस म्हणजे झालं.”

ती विसरली नाही. तिथेच तर गोची झाली.

पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते नेमकं पोस्टासमोरच्या चौकाचं. नकाशात झाडाची, भिंतीची उंची कळावी म्हणून शेजारी एखादं माणूस काढायची पद्धत असते. बाकीचे छापील माणसं चिकटवून मोकळे व्हायचे. तिने वडील काढले, खांद्यावर पिशवी, उजवं पाऊल पुढे. बाकही त्यांच्याच तब्येतीचे केले. बुटके, दगडी, ना पाठ ना हात. पोस्टमनचं बसणं दोन मिनिटांचं, टेकायला मिळालं की माणूस आळसावतो, असं ते नेहमी म्हणायचे. चौकाचं कौतुक झालं, पेपरात फोटो आला. निवृत्त झाल्यावर वडील रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागले आणि हा चौक कुणी केला ते शेजारी बसेल त्याला ऐकवू लागले. काही लोक म्हणे त्यांना बघून बाक बदलायचे.

त्याला आता सव्वीस वर्षं झाली. वडिलांनी ब्याऐंशी गाठली आणि चौकात जाणं बंद केलं. गर्दी फार असते म्हणाले. उभा जन्म रस्त्यावर काढलेला माणूस घरात बसून सुकत चालला होता. शेवटी एका रविवारी ती त्यांना हट्टाने घेऊन गेली. गर्दी कसली, चौक रिकामा होता. तासभर दोघं मजेत बसले, फेरीतली घरं ओळीने आठवत. निघायची वेळ झाली तसे ते म्हणाले, “तू हो पुढे. मी आलोच.”

चार पावलांवर तिने मागे वळून पाहिलं. ते उठायला बघत होते. दोन्ही तळवे बाकाच्या कडा चाचपडत होते आणि धरायला तिथे काही नव्हतं. परत जाऊन तिने त्यांना आधार देऊन उठवलं.

“म्हणून येत नव्हता का, बाबा?”

“तुझं पहिलं काम ते,” त्यांनी मान वर केली नाही. “त्याला मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू?”

सोमवारी ऑफिसातल्या धाकट्या सहकाऱ्याने सुचवलं की दुरुस्ती म्हणून दांडे बसवून टाकू, मूळ आराखड्याचा विषय कशाला काढायचा? पाऊलबाईंनी फाइलवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, मूळ आराखड्यात चूक आहे आणि ती माझी आहे. चालणारा माणूस म्हातारा होतो, हे मी धरलं नव्हतं. संध्याकाळी तिने वडिलांना घरातल्या एकेका खुर्चीवरून उठायला-बसायला लावलं आणि मापं घेतली. ते कुरकुरले, पण खुशीत होते.

नव्या नकाशात बाकाला पाठ आली, हात आले. माणूसही तिने नव्याने काढला, बाकावर बसलेला, हातात काठी. वडिलांनी चष्मा लावून कागद बराच वेळ न्याहाळला.

“काठी असू दे,” ते म्हणाले. “पण माझी पिशवी कुठे गेली?”

तिने पेन्सिल घेतली आणि त्यांच्या देखतच कागदावरच्या माणसाच्या खांद्यावर पिशवी अडकवून दिली.